पाण्याखालचा कुंभक

४ ऑक्टोबर १९६८, लोणावळा

आज वर्गात एक माणूस मोठ्याने हसला. आश्रमात प्राणायाम शिकवायला लागून मला अठरा वर्षं झाली. माझ्या वर्गात लोक पेंगतात, शिंकतात, एकदा मुंबईचे एक शेटजी चक्क घोरले होते. पण हसलं कुणी नव्हतं. मी सांगत होतो, "आता श्वास पूर्ण भरून घ्या आणि धरून ठेवा. यालाच कुंभक म्हणतात." तेवढ्यात मागच्या रांगेतून खो खो हसू.

वर्ग सुटल्यावर मी त्या माणसाला दारात गाठलं. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, उजव्या कानात कापसाचा बोळा. नाव हनुमंत, मूळ देहूरोडचा. नौदलात पाणबुड्या होता. आता धरणांची दारं पाण्याखालून तपासणाऱ्या एका कंत्राटदाराकडे सामानाचा मिस्त्री आहे आणि इथे भांगरवाडीत खोली घेऊन राहतो. चढ चढला की धाप लागते, म्हणून कुणीतरी त्याला आमच्याकडे पाठवलं.

"हसलो त्याची माफी करा, गुरुजी," तो म्हणाला, "पर आमच्या धंद्यात पैला धडा ह्योच. पाण्याखाली श्वास धरायचा न्हाई. धरला त्यो मेला."

"पाण्याखाली श्वास धरायचा नाही तर काय प्यायचा?"

त्यावर तो पुन्हा हसला. पाठीवर हवेची टाकी असते, तिची नळी तोंडात असते आणि जमिनीवर घ्यावा तसा सावकाश श्वास घेत राहायचं, असं त्याने समजावलं. मी त्याला सांगितलं की मी तीन मिनिटं कुंभक करतो, बाहेरगावचे डॉक्टर घड्याळ लावून समोर बसले होते.

"लय भारी," तो म्हणाला. "पर तुमाला मी माज्यासंगं पाण्यात उतरू देनार न्हाई."

उतरायचं आहे असं मी म्हटलंच कुठे होतं? तरीही दिवसभर ते मनात सलत राहिलं.

९ ऑक्टोबर

हनुमंतराव रोज येतात. श्वास घेतात ठीक, सोडताना मात्र मध्येच अडकतात, बैलगाडी खडीवर अडकावी तशी. सहा महिने नेटाने अभ्यास केला तर सुटेल.

आज त्यांनी आगपेटी उघडून दाखवली. आत एक वाळका प्राणी होता. तोंड अगदी घोड्याचं. मान वाकलेली, अंगावर कडीला कडी जोडल्यासारखी वळी, शेपूट जिलेबीसारखं आत वळलेलं. मी म्हटलं, हे कोकणातल्या कुणा सुताराने कोरलं असणार. नखाने खरवडून पाहिलं, हुंगलं. माशाचाच वास.

"घोडामासा. समुद्रघोडा म्हनत्यात शिकलेले लोक," हनुमंतराव म्हणाले. "मालवणला कामगिरीवर गेलतो तवा भरतीनं टाकलेला घावला. पर ह्यो मेलेला, ह्यात काय न्हाई. जित्ता बगायचा. उभा पवतो, मानसावानी. एक डोळा म्होरं बगतो, तर दुसरा मागं. आन गुरुजी, पोरं बाप्या पोटात वागवतो."

"कोण?"

"बाप. बाईचं काम अंडी बापाच्या पिशवीत टाकायचं. म्होरलं समदं त्याच्याकडं."

माझा विश्वास बसला नाही. घरी सावित्राबाईंना सांगितलं. आमचं कुटुंब आंदर मावळातलं, वीस वर्षं लोणावळ्यात राहूनही तिची बोली तसूभर हललेली नाही. ती म्हणाली, "बाप्या पोटात पोर वागवतो म्हनं! मंग त्यो बगायला समद्या बाप्यांनी जायाला पायजे. आन घोडाच बगायचा तर टेसनावर टांगा हाय की."

गंमत राहू दे. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मला असं काही पाहायची इतकी ओढ लागलेली नव्हती. उभा पोहणारा मासा! तो झोपत असेल तर कसा झोपत असेल?

२४ ऑक्टोबर

दिवाळीमुळे वर्ग बंद. हनुमंतरावांच्या मागे लागून लागून अखेर ते तयार झाले, पण अट घातली. आधी कार्ल्याच्या पुढच्या बंद दगडखाणीतल्या पाण्यात शिकायचं. जमलं तर जानेवारीत मालवण. नाही जमलं तर विषय बंद.

खाणीचं पाणी हिरवं आणि गार. पाठीवर टाकी, कमरेला शिशाचा पट्टा, तोंडात रबरी नळी. खाली गेलो. पहिला श्वास घेतला आणि सवयीने धरला. धरला की मी भोपळ्यासारखा वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. काठावर एक गुराखी बाई बसली होती, तिची करमणूक झाली.

मग हनुमंतरावांनी तो जुना धडा डोळ्यांपुढे करून दाखवला. तळाशी जाऊन त्यांनी नळीतली हवा एका फुग्यात भरली, गाठ मारली आणि फुगा सोडला. मी वर तरंगत पाहत होतो. फुगा वर येता येता मोठा होत गेला आणि माझ्या नाकासमोर फट्‌कन फुटला.

"ही तुमची छाती," ते वर येऊन म्हणाले. बोलताना त्यांना बरीच धाप लागली होती. "खाली घेतलेला श्वास धरून वर आलात तर अशी फुटंल. म्हनून श्वास चालू ठिवायचा. बुडबुडं दिसाय पायजेत मला. बुडबुडं हाईत तवर मानूस हाय."

जे अठरा वर्षं शिकवलं ते विसरायचं. मला वाटतं जमेल.

१० नोव्हेंबर

जमत नाही.

श्वास चालू ठेवणं एक वेळ जमू लागलं आहे. घोटाळा वेगळ्याच ठिकाणी आहे. पाण्याखाली एकाची टाकी बिघडली तर दोघांनी एकाच नळीतून श्वास घ्यायचा, हा हनुमंतरावांच्या शिक्षणातला सगळ्यात पक्का धडा. एकाने दोन श्वास घ्यायचे, नळी दुसऱ्याला द्यायची, त्याने दोन घ्यायचे, परत द्यायची. त्यांची टाकी बंद करून आम्ही हा सराव करतो. मी त्यांना नळी देतो. त्यांच्याकडून ती परत यायची वेळ झाली की मी हाताने खूण करतो, राहू द्या, मला अजून नको. खरंच नको असते. मला काय, मी दोन मिनिटं सहज काढतो.

ते मला वर घेऊन येतात आणि सराव पहिल्यापासून लावतात.

नळी मी मिठाच्या पाण्याने धुऊन घेतो. आश्रमात नाक धुवायच्या जलनेतीचं भांडंसुद्धा ज्याचं त्याचं असतं, दुसऱ्याचं उष्टं घ्यायची आम्हाला सवय नाही. काठावर नळी धूत असलो की हनुमंतराव दुसरीकडे बघत बसतात. स्वच्छतेची त्यांना फारशी आवड दिसत नाही.

१७ नोव्हेंबर

देहूरोडला हनुमंतरावांच्या घरी गेलो. लष्करी डेपोच्या मागची चाळ, घर लखलखीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी झेंडूची फुलं. त्यांची आई आक्काबाई दारातच उभी होती. "माज्या ल्येकाला श्वास घ्यायला शिकिवत्यात त्ये तुमीच का?" म्हणाली. मला फार बरं वाटलं.

तिने चहा आणला, नव्या कोऱ्या कपबशीत. मी म्हणालो, मी चहा घेत नाही. मग पाणी विचारलं. जेवण होऊन तास झाला नव्हता, म्हणून पाणीही नको म्हणालो. "बरं," म्हणून ती कप आत घेऊन गेली आणि नंतर बाहेर आली नाही. वयाच्या मानाने काम फार करते, दमली असावी.

परतीच्या गाडीत हनुमंतराव तळेगाव गेलं तरी खिडकीकडे तोंड करून बसले होते. कान दुखत असावा.

१८ नोव्हेंबर

सावित्राबाईंना कालचं सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, ती थांबली.

"च्या घेतला न्हाई?"

"मी कुठे घेतो?"

"पानी?"

"जेवणानंतर तासभर..."

"तुमी च्या घेत न्हाई हे मला ठावं हाय. त्या म्हातारीला कुटं ठावं हाय? तिनं जलमभर किती जनांच्या तोंडून 'नको' ऐकलं आसंल, त्याचा काय हिशेब हाय का तुमाला?"

मी म्हणालो, माझ्या मनात तसलं काही नव्हतं. ती म्हणाली, "तुमच्या मनात काय हुतं ते तुमच्या मनाला इचारा. मला भाकऱ्या करू द्या."

माझ्या मनात खरोखरच तसं काही नव्हतं. मी त्यांच्या घरी गेलो, पलंगावर बसलो, तास दोन तास गप्पा मारल्या. सावित्राबाई उगीच बाऊ करते.

२४ नोव्हेंबर

आज खाणीवर हनुमंतराव भडकले. त्यांना रागावलेलं मी प्रथमच पाहिलं. तोच नळीचा सराव. मी तीच खूण केली, राहू द्या, नको. त्यांनी माझ्या काखेत हात घालून मला वर आणलं, तोंडातली नळी काढून पाण्यावर आपटली.

"एक सांगा गुरुजी. तुमाला श्वास नको का माजा नको?"

"अहो, मला गरजच पडत नाही..."

"दर्यात पडंल. तवा मी नळी म्होरं करीन आन तुमी हात हालवाल. मी बगत बसू? न्हाई जमायचं. मालवण ऱ्हायलं."

टाकी खांद्यावर टाकून ते निघाले. खाणीचा चढ चढताना दोनदा थांबले. मी मागून जाऊन टाकी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिली नाही.

२५ नोव्हेंबर

चैन नाही. वर्ग दुसऱ्यांवर सोपवून तुंगार्लीच्या तळ्यावर जाऊन बसलो आणि सावित्राबाईने सांगितलं तसं मनाला विचारलं.

नळी धुतो ती मिठाच्या पाण्याने. कारण स्वच्छता. ठीक. मग गणपतीत आश्रमाच्या डॉक्टरांनी आपल्या पेल्यातलं सरबत अर्धं पिऊन मला दिलं होतं, तेव्हा मी पेला धुतला होता का? आठवून पाहिलं. नव्हता धुतला. उलट डॉक्टरांनी आपल्या पेल्यातलं दिलं म्हणून मला मोठेपणा वाटला होता.

हे उत्तर मला मुळीच आवडलं नाही. तळ्यावर एक टिटवी ओरडत होती. मी तिथे बराच वेळ बसलो आणि मग मला रडू आलं. कशाचं ते नीट सांगता येत नाही. श्वासाबद्दल मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

१ डिसेंबर

हनुमंतरावांच्या खोलीवर जाऊन म्हणालो, एकदाच, शेवटचं. तुम्ही म्हणाल तर पुन्हा येणार नाही. ते स्टोव्हला पिन मारत होते. बराच वेळ मारत राहिले. मग म्हणाले, "चला."

मी रात्रभर विचार करून एक तोड काढली होती. छाती भरलेली असते म्हणून मला नळी लागत नाही. तेव्हा आज खाली गेल्यावर माझी पाळी यायच्या आत मी मुद्दाम सगळा श्वास सोडून दिला. पूर्ण रेचक. पोट पाठीला लागलं. आत काही म्हणजे काही उरलं नाही. आणि मग अठरा वर्षांत प्रथम मला श्वास हवासा झाला. हवासा म्हणजे कसा, तर वासराला आचळ हवं तसा. हनुमंतरावांनी नळी पुढे केली आणि मी ती जवळजवळ हिसकावली. रबराला त्यांच्या तंबाखूचा वास होता. धुवायचं वगैरे डोक्यातही आलं नाही. दोन श्वास घेतले, परत दिली. पुन्हा रिकामा झालो, पुन्हा घेतली. असं टाकी संपत आली तोवर.

वर आल्यावर त्यांनी टाकी उतरवली. मला विडी देऊ केली. मी ओढत नाही. पण या खेपेला "ओढत नाही हो, आश्रमाचा नियम आहे, नाहीतर तुमच्याकडचीच ओढली असती" असं लांबलचक सांगितलं. ते म्हणाले, "कळलं, कळलं. जानेवारीची रजा टाका."

१५ डिसेंबर

हनुमंतराव आठवडाभर वर्गाला आले नाहीत. खोकला आणि ताप. मिलिटरीच्या दवाखान्यात जाऊन आले. विचारलं तर म्हणाले, "कानाचं हाय. डॉक्टर म्हनला, पाण्यात उतरायचं न्हाई. मी होडीत बसतो, तुमी खाली जावा."

मला वाईट वाटलं. कानासाठी थोडं तिळाचं तेल कोमट करून घाला म्हणालो. ते "व्हय, व्हय" म्हणत खोकत राहिले. सावित्राबाई म्हणते, कानाच्या दुखण्यात मानूस इतका वाळतो कुटं? बायकांना सगळ्यातच काहीतरी दिसतं.

१८ जानेवारी १९६९, मालवण

काल पुण्याहून एस.टी., कोल्हापूरला बदल. टपावर दोन टाक्या चढवताना कंडक्टरने अडवलं. "गॅस आहे का?" हनुमंतराव म्हणाले, "हवा हाय." "कसली हवा?" "लोनावळ्याची." लोणावळ्याची हवा कोकणात नेणारे दोन इसम त्याने आयुष्यात पाहिले नसावेत. त्याने टपावर चढून टाक्यांना कान लावून पाहिला.

होडीवाल्याचं नाव रखमाजी. साठी उलटलेला, बोलायला फटकळ. आज दिवसभर पाणी गढूळ होतं, मला फक्त वाळू आणि एक रागीट खेकडा दिसला. हनुमंतराव होडीच्या कडेला आडवे होऊन, काच डोळ्यांना लावून, तोंड पाण्यात घालून बसले होते. वर आलो की म्हणत, "शेवाळ बगू नका, शेवाळात बगा." दोन्हीत फरक काय ते मला कळलं नाही. पायऱ्या चढून धर्मशाळेत येताना मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

उद्यासाठी एकच टाकी उरली आहे.

१९ जानेवारी, मालवण

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी पाणी निवळलेलं. किल्ल्याच्या मागे खडकांच्या आडोशाला दोन पुरुष पाणी. खाली गेलो. पिवळसर शेवाळाचे झुबके लाटेबरोबर डावीकडे झुकत होते, उजवीकडे झुकत होते. मी एका झुबक्याकडे नुसता बघत बसलो. आणि त्यातल्या एका काडीने माझ्याकडे डोळा फिरवला.

घोडा! वीतभरसुद्धा नाही, पण अख्खा घोडा. शेपटाने शेवाळाचा देठ धरून उभा. पाठीवरचा इवलासा पंख इतका भरभर थरथरत होता की तो आहे की नाही ते कळू नये. एक डोळा माझ्यावर आणि दुसरा खडकाकडे, आमचे आश्रमाचे खजिनदार बसतात तसा. तोंडाच्या नळीने काहीतरी चुटकन टिपलं. आणि पोट! पोट चांगलं गोल. बाप होता तो. आत हजार पिल्लं असतील, का दोन हजार? मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. कुणाला तरी "अरे बघा, बघा" म्हणून खांदा धरून हलवावंसं वाटलं.

तेवढ्यात माझ्या नळीतून बुडबुड्यांचा लोट सुटला आणि घोडा दचकून देठाच्या मागे गेला.

तो पळेल, या भीतीने मी श्वास धरला. ठरवून नाही धरला. तो धरलाच गेला. वर तरंगू नये म्हणून एका हाताने खडक पकडला. सगळा घरघराट थांबला. इतकी शांतता माझ्या कुठल्याच कुंभकात मला मिळाली नव्हती. घोडा हळूच देठामागून बाहेर आला आणि मी बघत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही.

मग वरचा उजेड एकदम हलला. एक माणूस सरळ माझ्यावर येऊन आदळला. हनुमंतराव. पाठीवर टाकी नाही, काही नाही, डोळ्यांना फक्त ती काच. त्यांनी माझा जबडा धरला, छातीवर मूठ मारली. माझ्या नळीतून भसकन बुडबुडे सुटले. ते पाहून त्यांचे डोळे मिटले. मग त्यांनी मला वर ओढायला दंडाला धरलं आणि मी मान हलवत बोटाने शेवाळाकडे दाखवलं.

त्यांना दिसला.

त्यांच्या छातीत हवा उरली नव्हती. गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, तरी ते वर जायला तयार नव्हते. मी नळी काढून त्यांच्या तोंडात दिली. त्यांनी दोन श्वास घेतले, मला दिली. मी दोन घेतले, त्यांना दिली. दोघांचे मिळून बुडबुडे उठत होते, पण घोडा पळाला नाही. फक्त आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मग मी त्यांना धरून, दोघेही श्वास सोडत सोडत, सावकाश वर आलो.

होडीत घेतलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. श्वास आत जाईना, बाहेर येईना. मी त्यांना माझ्या छातीला टेकवून बसवलं आणि कानाशी सांगत राहिलो, "फुंकर घालतो तसा सोडा. घ्यायची घाई नको. नुसता सोडा." मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. रखमाजीने वल्हं टाकून त्यांचे तळपाय चोळले. बऱ्याच वेळाने रंग परतला.

"डॉक्टरांनी कानासाठी बंदी केली होती ना?" मी विचारलं.

"छातीसाटी," ते म्हणाले. "एक बाजू बसलीया. पाण्यात गेलास तर वर येनार न्हाई म्हनला."

"आणि तरी उडी मारलीत?"

"बुडबुडं थांबलं ना!"

मी त्यांना सांगितलं की मी श्वास धरला होता, घोडा पळू नये म्हणून. हनुमंतराव माझ्या छातीपासून बाजूला सरकले. मग त्यांनी मला अशी एक शिवी दिली की ती या वहीत लिहिता येणार नाही. तीत माझ्या कुंभकाचा, माझ्या आश्रमाचा आणि माझ्या अकलेचा समाचार होता. रखमाजी म्हणाला, "अरे, घोडो खंय पळता? तो शेपटेन धरून बसलेलो आसता."

ते ऐकून हनुमंतरावांना हसू फुटलं आणि हसता हसता पुन्हा खोकला. मीही हसत होतो आणि माझे डोळे वाहत होते. मला इतक्या मनापासून शिवी देणारं माणूस फार वर्षांत भेटलं नव्हतं.

२६ जानेवारी, लोणावळा

हनुमंतराव देहूरोडच्या दवाखान्यात आहेत. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की जिवाला आत्ता धोका नाही, पण आता पाण्यात उतरायचं नाही, विहिरीतसुद्धा नाही, कधीच नाही. आक्काबाई उशाशी बसली होती. मला बघून उठली नाही, बसा म्हणालीही नाही. तिचा एकुलता एक मुलगा माझ्यामुळे पाण्यात गेला, तिने का म्हणावं? मी आपला पायाशी उभा राहिलो. हनुमंतरावांनीच खूण करून मला पलंगावर बसवलं आणि आईला म्हणाले, "मी माज्या पायानं गेलो. त्येला काय बोलू नकोस." तिने त्यांचं पांघरूण छातीपर्यंत ओढलं.

आज दुपारी सावित्राबाई तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "आल्यापासून नुसते घोडा घोडा करताय, पर नीट सांगितलं न्हाई. कंचा रंग हुता त्येचा?"

मी सांगायला तोंड उघडलं. पिवळा म्हणणार होतो. मग वाटलं तपकिरी असेल. अंगावर ठिपके होते का? मानेवर काही होतं का? मला सांगता येईना.

"येवढं जीव टांगून गेला आन रंगबी बगितला न्हाई?"

मी आठवून पाहिलं. सुरुवातीला एकटा होतो तेवढाच वेळ मी घोड्याकडे पाहिलं. हनुमंतराव आल्यानंतर नाही. नळी तोंडात असताना, नसताना, मी त्यांच्याकडेच बघत होतो. काचेमागे त्यांचे डोळे त्या घोड्यावर लागलेले होते. शेवटचंच बघतोय हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. आणि तरी त्यांचा चेहरा असा काही उजळला होता, की त्यांच्यावरून नजर काढून घोड्याकडे बघायचं मला सुचलंच नाही.

हे मी सावित्राबाईला सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"मंग उद्या दवाखान्यात जाल तवा रंग त्यांनाच इचारा," ती म्हणाली. "आन मी बी येते."